खालची ओळ पेन्सिलीची

५ फेब्रुवारी, सोमवार

आज रजिस्टरं गेली. आमच्या दवाखान्यातल्या घरभेटीच्या सगळ्या नर्सची मिळून एकवीस रजिस्टरं शिपायाने सुतळीने बांधली आणि टेम्पोत टाकली. माझी त्यात सहा. एकतीस वर्षांत किती भरली आणि किती वाळवीने खाल्ली देव जाणे, पण ही सहा चांगली धडधाकट होती. बदल्यात प्रत्येकीला काळ्या कव्हरातला एक टॅब मिळाला. सही करून घ्यायचा, फुटला तर आपली जबाबदारी.

आता सगळं ह्याच्यावर भरायचं. अठरा प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, शेवटी पेशंटने बोटाने सही करायची. आमच्या सुपरवायझरबाई माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत, पण त्यांनी समजावून फार छान सांगितलं. मी मान डोलावत होते. मनात एकच घोळत होतं, की पेन्सिलीचं काय करायचं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरभेटीला गेलं की म्हातारी माणसं खरं सांगत नाहीत. खोटं बोलतात असंही नाही, अब्रू सांभाळतात. आणि आपण काय लिहितोय ते वाकून बघतात. म्हणून पेनाने लिहायचं ते सांगतील ते, आणि जिना उतरून खाली आलं की त्याच ओळीखाली पेन्सिलीने आपल्याला दिसलं ते. पेनाने: स्वयंपाक स्वतः करते. पेन्सिलीने: गॅसला आठवडाभर हात लागलेला नाही, बिस्किटांवर आहे, मुलाला फोन केला. आमचे डॉक्टर फक्त पेन्सिलीचं वाचायचे. त्यावर एका शब्दाने कधी बोलले नाहीत, पण औषधं बदलायची.

टॅबला खालची ओळच नाही. म्हणून येताना ही वही आणली आणि एक जाड काळं पेन. दुकानदार म्हणाला, मावशी, हे पाट्या रंगवायचं पेन आहे. म्हटलं, असू दे, मला हेच बरं वाटतं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे ऑपरेटरबाई. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वय एकोणऐंशी, मूलबाळ नाही, यजमान जाऊन बारा वर्षं झाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला. कानावर हेडफोन, हातात वायरी, ‘कोणता नंबर हवा?’ म्हणायचं आणि ह्याला त्याच्याशी जोडून द्यायचं. आवाज अजून असा, की पत्ता विचारणाऱ्यालाही वाटावं आपण कुणीतरी मोठे आहोत.

साखर जुनी आहे आणि दोन्ही तळपाय बधिर. मागच्या वर्षी अंगठ्याखाली जखम झाली, ती भरायला सात महिने लागले. भरली तरी दर गुरुवारी जाऊन मी त्यांचे तळवे बघते, कारण त्यांना वाकता येत नाही आणि पायाला काही लागलं तर कळत नाही. काम दहा मिनिटांचं. पुढे अर्धा तास आम्ही चहा पितो.

आज टॅब बाहेर काढला तर त्यांनी माझी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि वर दिवाही लावला, भर दुपारी. म्हाताऱ्या माणसांना सगळीकडे अंधारच वाटतो. मग शेजारी बसून त्याच स्क्रीन वाचायला लागल्या. अक्षरं मुंगीएवढी, मी अर्ध्या प्रश्नात असताना त्या वाचून मोकळ्या. अंघोळ स्वतः करता? हो. जिना उतरता? हो. दहावा प्रश्न, स्वतःचे तळपाय स्वतः तपासता का? इथे मी थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, तपासते की, लावा.

काय करणार. बाई शेजारी, नजर माझ्या बोटावर. तिथे ‘नाही’ लावायचं म्हणजे त्यांच्या घरात बसून, त्यांचा चहा पिऊन त्यांनाच खोटं पाडायचं. मी ‘हो’ लावलं. त्यांनी बोटाने झोकात सही केली.

खालची ओळ इथे लिहून ठेवते: तळवे बघता येत नाहीत. मोजे काठीने ओढून घालतात. जिना उतरून महिना झाला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

टॅबचा उजेड डोळ्यांत घुसतो. उन्हात तर नुसता आरसा. कंपनीने स्वस्तातला माल गळ्यात मारलाय.

ह्यांना निवृत्तीनंतर एक नवी खोड लागली आहे. सकाळी पेपर मोठ्याने वाचतात, अगदी हवामानापर्यंत. म्हटलं, मला वाचता येतं. म्हणाले, मला माझा आवाज ऐकायला आवडतो. आता स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही बोटभर अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्यात. साखर, मीठ, सोडा. म्हणे मी हल्ली विसरतो. वय झालं बिचाऱ्यांचं. मी काही बोलले नाही, उगाच मनाला लावून घेतील.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सुपरवायझरबाईंनी हळूच बाजूला बोलावलं. गल्लीच्या टोकाचे आजोबा, जे दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत, ते माझ्या टॅबप्रमाणे रोज न थकता जिना चढतात. पाण्याचा ग्लास मात्र त्यांना उचलता येत नाही. आम्ही दोघी हसलो. त्यांनी दुरुस्त करून घेतलं आणि म्हणाल्या, मॅडम, सगळं ठीक ना? म्हटलं, ठीक नसायला काय झालं, ह्या काचेला बोट लावावं एकीकडे आणि ती ऐकते दुसरीकडे.

त्यावर तोडगा काढला आहे. अठराही प्रश्न क्रमाने पाठ केले. ‘हो’ डावीकडे, ‘नाही’ उजवीकडे. आता न बघता भरते. तोंडाने विचारायचं, बोट आपोआप जातं. तरुण नर्सा मान खाली घालून वाचत बसतात, मी पेशंटच्या तोंडाकडे बघत भरते. आज एक आजी म्हणाल्यासुद्धा, तुम्ही बऱ्या, बाकीच्या त्या पाटीशीच बोलतात. दिवसभर मला फार बरं वाटलं.

१ मार्च, शुक्रवार

पुढच्या आठवड्याची यादी टॅबवर आली. ह्यांनी वाचून दाखवली, मी चष्मा शोधत होते. गुरुवारी ऑपरेटरबाई नाहीत.

तडक फोन लावला. सुपरवायझरबाई म्हणाल्या, मॅडम, त्या स्वावलंबी गटात गेल्या, गुण छान आलेत. जणू पोरगी परीक्षेत पहिली आली. आता घरभेट बंद, दर आठवड्याला फोन जाईल. मी विचारलं, फोन कोण करणार? म्हणाल्या, कॉम्प्युटर.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आले. पण फॉर्म मी भरला आहे, खाली माझं नाव आहे. चुकीचं भरलं म्हणावं तर आजोबांचं प्रकरण ताजं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. टॅब जमत नाही म्हणून एका नर्सला केसपेपरच्या खिडकीत बसवलं, ती आता दिवसभर शिक्के मारते. मला जिने चढायचे आहेत. लोकांच्या घरात गेल्याशिवाय मी नर्स कसली?

मूग गिळून बसले. लिहितानाही लाज वाटते आहे.

७ मार्च, गुरुवार

ऑपरेटरबाईंना मीच फोन करून सांगितलं, की आता दर गुरुवारी यायचं नाही. त्या म्हणाल्या, वा, म्हणजे मी पास झाले. मग म्हणाल्या, तुमचेही गुडघे सुटले तीन जिन्यांतून. दोघी हसलो. फोन ठेवल्यावर कळलं, की दोघींनीही ‘या कधीतरी’ असं काही म्हटलं नाही.

आज त्या वेळात एक घर जास्त झालं.

२१ मार्च, गुरुवार

राहवलं नाही, पुन्हा फोन केला. कॉम्प्युटरचा फोन येतो का विचारलं. येतो म्हणाल्या, दर मंगळवारी सव्वाअकराला. बाईचा आवाज आहे. बऱ्या असाल तर एक दाबा, मदत हवी असेल तर दोन दाबा. आवाज गोड आहे पण मध्ये श्वास घेत नाही, त्यामुळे समोरच्याला बोलायला फट मिळत नाही, आम्हाला असं शिकवलं असतं तर साहेबांनी कान उपटले असते. तरी त्या रोज कामावर असताना बोलायच्या तशा तिला नमस्कार म्हणतात आणि शेवटी धन्यवाद.

म्हटलं, आणि दाबता काय?

एक, म्हणाल्या. दोन दाबलं तर कुणीतरी धावत येणार, त्याचा दिवस वाया. मग त्यांच्या एक्स्चेंजची गोष्ट सांगितली, आपोआप नंबर लागणारं यंत्र आलं तेव्हाची. यंत्राने काम चोख केलं, लाइन चुटकीसरशी लागायला लागली. पण आधी एखादी बाई नंबर सांगताना रडवेली झाली, की ऑपरेटर दहा मिनिटांनी स्वतः उलटा फोन लावून विचारायची, बरं आहे ना? नियमात नव्हतं. यंत्राला कुणी हे सांगितलंच नाही, कारण आपण हे करतो हे सांगायची कुणाची छाती नव्हती.

त्या म्हणाल्या, हॅलो, आहात ना?

३१ मार्च, रविवार

लेकीचा फोन. आई, डोळे दाखवलेस का? बाबा म्हणत होते. म्हटलं, बाबांचं काय ऐकतेस, ते डब्यांवर चिठ्ठ्या लावतात. माझं सगळं छान चाललंय.

१४ एप्रिल, रविवार

न जेवता आधी हे लिहायला बसले आहे.

आज सुट्टी. ह्यांना म्हटलं, जरा पाय मोकळे करून येते, आणि गेले ऑपरेटरबाईंकडे. दार उघडायला त्यांना फार वेळ लागला. आल्या त्या हसत, नीट साडी, केस विंचरलेले. चहा टाकते म्हणाल्या. त्या वळल्या आणि मला वास आला. डोळे काय बघतील ते बघोत, नाक अजून शाबूत आहे. तो वास एकदा ओळखला की नर्स जन्मात विसरत नाही.

म्हटलं, बसा आधी. त्या नको नको म्हणत होत्या, मी चप्पल आणि मोजा काढलाच. चपलेत शर्टाचं एक बटण होतं, तळाला चिकटून बसलेलं. किती दिवस त्या बटणावर उभ्या होत्या कुणास ठाऊक. उजव्या करंगळीखाली नाण्याएवढं भोक, कडा पांढऱ्या, आत काळपट. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. मोजा ओला वाटायचा, त्यांना वाटलं बाथरूममध्ये भिजला असेल. दर मंगळवारी सव्वाअकराला मात्र त्या एक दाबत होत्या.

पिशवीत सामान होतं, स्वच्छ केलं, बांधलं. ह्या सगळ्यात त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, जणू लागलं मलाच होतं. मी रडले. हा पाय मी खाल्ला. एका ‘हो’ने.

१५ एप्रिल, सोमवार

डॉक्टर घरी जाताना स्वतः तीन जिने चढून आले. आठवड्यातून तीनदा ड्रेसिंग, पाय जमिनीला टेकवायचा नाही. झालं तर भरेल. नाही झालं तर बोट जाईल, आणि मग पुढचं सांगता येत नाही, असं जिन्यात मला म्हणाले. जाता जाता म्हणाले, पेन्सिलीचं वाचल्याशिवाय मला हल्ली आंधळ्यासारखं होतं हो.

१६ एप्रिल, मंगळवार

आज सुपरवायझरबाईंना सगळं सांगितलं. पेन, पेन्सिल, दहावा प्रश्न, सगळं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, ही पेन्सिल मला ट्रेनिंगमध्ये कुणीच सांगितली नाही."

पण वाट सोपी नाही. जखम आहे म्हटलं तर यंत्र म्हणतं, दवाखान्यात येऊन ड्रेसिंग करून घ्या, कारण तुम्ही जिना उतरता असं तुम्हीच सांगितलं आहे. घरभेट पुन्हा हवी तर फॉर्म नव्याने भरायचा, पेशंटच्या समोर, त्याच्या सहीने. त्यांनी तो गुरुवारी उघडून द्यायचं कबूल केलं. पुढच्या गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत उघडा राहील. बंद झाला की सहा महिने उघडत नाही. तोवर मी कामाआधी जाऊन बांधून येते आहे, पण माझी आताची घरं दुसऱ्या टोकाला आहेत आणि ही जखम महिनोन्‌महिने चालणारी. माझ्याच्याने ते होणार नाही हे मला माहीत आहे.

म्हणजे सगळं आता ऑपरेटरबाईंच्या एका ‘नाही’वर आलं.

१८ एप्रिल, गुरुवार

नाही म्हणाल्या नाहीत. पाय उशीवर, बँडेज एवढं मोठं, आणि अंघोळ? हो. जिना? हो. तळपाय? तपासते की.

माझा तोल गेला. म्हटलं, बाई, हा पाय जाईल. माझ्यासमोर कसली लाज?

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लाज नाही, नर्सबाई. एक्स्चेंजमध्ये नवं यंत्र आलं तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, कुणाकुणाला जमत नाही, हात वर करा, शिकवू. चौदा जणींनी प्रामाणिकपणे हात वर केले. महिन्याभरात त्या चौदाही घरी बसल्या. मी केला नव्हता. मला तरी कुठे जमत होतं? तेव्हापासून मी हात वर करत नाही. आज ‘नाही’ म्हटलं तर उद्या वृद्धाश्रमाचा फॉर्म आणाल."

मी म्हटलं, असं कुणी करणार नाही. त्या म्हणाल्या, साहेबही चांगलेच होते.

मला त्यांचं म्हणणं आतून पटलं होतं. फॉर्म अर्धा ठेवून मी ताडताड निघून आले. खाली येऊन आठवलं की चहाचा कप तसाच राहिला. त्यांनी तो कसा उचलला असेल?

२३ एप्रिल, मंगळवार

टॅबमध्ये नवी आवृत्ती आली. गावोगावच्या नर्सांनी ओरड केली म्हणून शेवटी शेरा लिहायला चौकट दिली आहे, ऐंशी अक्षरांची. सुपरवायझरबाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं, मॅडम, तुमची पेन्सिल आली. आणखीही किरकोळ बदल आहेत म्हणाल्या, वाचून घ्या. वाचायचं काय त्यात, प्रश्न तेच अठरा. आज तीन घरं झाली, उद्या चार.

पण त्या चौकटीतही पेशंटच्या देखतच लिहायचं. पुन्हा घोडं तिथेच अडलं.

२५ एप्रिल, गुरुवार

आज शेवटचा दिवस होता. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दिवसभर दवाखान्यातच काम होतं, चार वाजता पोहोचले. आधी ड्रेसिंग केलं. काळपटपणा थोडा कमी आहे, कडा मात्र अजून पांढऱ्या. मग टॅब काढला. त्या शेजारी बसल्या, पाय स्टुलावर. गेल्या गुरुवारचं दोघींच्याही मनात होतं, पण कुणी काढलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, पहिला प्रश्न, अंघोळ स्वतः करता का?

त्यांनी टॅबकडे बघितलं. मग म्हणाल्या, तिथे तसं लिहिलेलं नाही.

मी म्हटलं, काय नाही?

त्या म्हणाल्या, पहिला प्रश्न जिन्याचा आहे. अंघोळ पाचवी आहे. आणि ‘नाही’ आता डावीकडे आलं आहे.

मी टॅब डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे वळवला. करड्या रंगावर करडे पट्टे. म्हटलं, आज उजेड फार आहे. त्या म्हणाल्या, आभाळ भरलंय. म्हटलं, काच खराब आहे. मला एकदम मंगळवार आठवला, बुधवार आठवला. सात घरं. सातही घरांत मी माणसांच्या डोळ्यांत बघून प्रेमाने विचारलं होतं आणि बोटाने काय लावलं होतं ते देवाला ठाऊक. कोण कुठल्या यादीत जाऊन पडलं असेल? कुणाच्या पायाखाली काय असेल?

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"थंडीपासून," मी म्हटलं. मग खरं सांगितलं, "त्याच्याही आधीपासून."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

"सांगितलं तर खिडकीत बसवतील. शिक्के मारायला."

त्यांनी माझ्या हातातून टॅब घेतला, मांडीवर ठेवला, पदर सारखा केला आणि पाठ ताठ केली. एकोणऐंशी वर्षांची बाई, मला वाटलं आता कानाला हेडफोन लावते की काय. म्हणाल्या, "मी वाचते. उत्तर तुम्ही सांगायचं. तुम्हाला दिसतं ते. मी फक्त जोडून देईन. जोडताना मधलं बोलणं ऐकायचं नसतं, आमचा नियमच होता."

आणि खरंच वाचायला लागल्या, त्या आवाजात. जिना स्वतः उतरता येतो? मी म्हटलं, नाही. त्यांनी ‘नाही’ लावलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. स्वयंपाक? एक वेळ, बसून. म्हणाल्या, तसं नाही इथे, हो की नाही? नाही. अंघोळ? नाही, पडायची भीती आहे. एकेक ‘नाही’ माझ्या तोंडून जड होऊन निघत होतं आणि त्या बोटाने हलकेच पुढे पाठवत होत्या. स्वतःचे तळपाय स्वतः तपासता का? मी त्यांच्या बँडेजची गाठ चाचपू लागले. त्या मान वर न करता म्हणाल्या, बोला, लाइन चालू आहे. मी म्हटलं, नाही, त्यांना तिथवर वाकता येत नाही, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांनी लावलं.

अठराही झाले. मला हलकं वाटलं, पण टॅब त्यांनी परत दिला नाही. खाली चौकट आहे म्हणाल्या, शेऱ्याची. मी म्हटलं, ती राहू दे, आता गरज नाही. त्या म्हणाल्या, "माझं सगळं माझ्या तोंडावर सांगितलंत. आता मीही तुमच्या तोंडावरच लिहिते."

एकेक अक्षर शोधत, एका बोटाने. मी समोर बसून बघत होते, म्हणजे बोट हलताना दिसत होतं तेवढंच. बाहेर शाळा सुटलेली पोरं जिन्यातून धडाधड वर गेली. त्यांनी टाइप केलं, एकदा मनात वाचलं, मग सही केली, आणि मग मला वाचून दाखवलं, प्रत्येक शब्दानंतर श्वास घेत:

"नर्सबाईंना अक्षर दिसत नाही. डोळे करून द्यावेत. बाई बदलू नये."

ते वाक्य पुसायला सांगितलं असतं तर त्यांनी पुसलं असतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. त्यांची घरभेट त्याच्याशिवायही सुरू झाली असती. फक्त ती सात घरं तशीच राहिली असती, आणि उद्या आठवं.

"पाठवू का?" त्यांनी विचारलं.

"पाठवा," मी म्हटलं.

त्यांनी बोट टेकवलं. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर नेट रेंगाळतं. मी उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसले, दोघी त्या काचेकडे बघत, एकीला दिसत होतं आणि एकीला नाही. माझी चुळबुळ त्यांना जाणवली असावी. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला एकेरीत म्हणाल्या, "थांब गं. लागतंय."